टेकडीवरचा चौथा कान

चढाच्या मध्यावर सिमेंटचा एक जुना पाइप आडवा पडलेला होता. वन्सं त्याच्यावर टेकल्या, डावा पाय लांब केला आणि स्वतःच्या गुडघ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू तो मुक्कामाला आलेला पाहुणा आहे आणि निघायचं नाव काढत नाही. वहिनींनी खांद्यावरची पिशवी उतरवली, पाण्याची बाटली पुढे केली आणि वर बघितलं. टेकडीच्या माथ्यावरची पत्र्याची खोली अजून काडेपेटीएवढीच दिसत होती.

"निम्मं राहिलंय," वहिनी म्हणाल्या.

"निम्मं झालं म्हणावं गं. मास्तरीण ना तू?"

सकाळी घरातून निघाल्यापासून दोघींचं हेच चाललं होतं. थोडं चालायचं, थोडं बसायचं आणि बसलं की एकमेकींना चिमटे काढायचे. पूर्वी खाणीची जीप थेट वरपर्यंत जायची. मागच्या वर्षी वळणावरचा रस्ता खचला, खाली लोखंडी दांडा आडवा आला आणि गाडी बंद झाली. डॉक्टरांनी वन्संना चढ चढायचा नाही म्हणून बजावलं होतं. पण येत्या आठवड्यात शहरात जाऊन गुडघा बदलायचाच होता, त्यामुळे वन्संचा हिशेब सरळ होता: जुना गुडघा टाकूनच द्यायचाय, तर वापरून टाकू.

वन्सं म्हणजे वहिनींच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिल्या आणि सगळी नोकरी खाणीतले भूकंप मोजण्यात घालवली. पेपरात येतात ते भूकंप नव्हेत. हे बारके. कपाटातले पेले किणकिणतील, टांगलेला दिवा झुलेल, आणि बहुतेकांचं तर तेवढंही कळणार नाही. खोल खाणीत माणूस दगड फोडून काढतो म्हणून होणारे हे भूकंप. ते ऐकण्यासाठी खाली बोगद्यांत आणि वर टेकड्यांवर यंत्रं पुरलेली असायची. कामगार त्या यंत्रांना 'कान' म्हणायचे, आणि म्हणून सगळी वसाहत वन्संना 'कानवाल्या बाई' म्हणायची. दुकानदार सुद्धा सामान बांधता बांधता विचारायचा, काय बाई, आज किती झाले?

खाण आता बंद पडली होती. खाणीबरोबर पाणी उपसणारे पंपही थांबले. जुन्या बोगद्यांतून पाणी हळूहळू वर चढत होतं, दगडाच्या फटींत शिरत होतं आणि दगड पुन्हा कुरकुरायला लागला होता. लोकांना वाटलं होतं, खाण मिटली म्हणजे कटकट मिटली. पण मागच्या महिन्यात भर वर्गात शाळेच्या खिडक्या खडखडल्या, पोरं दप्तरं टाकून बाकांखाली शिरली, आणि तेव्हापासून वसाहतीत एकच विषय. हे शाळेच्या खाली चाललंय की दुसरीकडे कुठे? वहिनींनी त्याच शाळेत आयुष्यभर शिकवलं होतं. निवृत्त झाल्या तरी पोरांचे आईबाप त्यांनाच रस्त्यात गाठून विचारत होते, कारण कानवाल्या बाई त्यांच्या घरात राहत होत्या.

आणि वन्संना सांगता येत नव्हतं. खाली बोगद्यांतले कान पाण्यात बुडून गेले. वरचे चार उरले, ते शहरातल्या एका संशोधन संस्थेने ताब्यात घेतले. त्यातला टेकडीवरचा चौथा कान गेले काही आठवडे मुका होता. तीन कानांनी एवढंच कळतं की काहीतरी झालं. नेमकं कुठे आणि किती खोल, हे सांगायला चौथा लागतो. संस्थेचा तरुण इंजिनिअर, ज्याला वन्सं 'चिरंजीव' म्हणायच्या, त्याने फोनवर अगदी आदराने सांगितलं होतं की एका कानासाठी इतक्या लांब माणूस पाठवायला वरिष्ठ तयार नाहीत. तो कान बोलला नाही तर चारही उपटून केंद्र बंद करावं, असं ठरत आलंय. बोलला तर तो वरिष्ठांशी भांडायला तयार होता.

म्हणून आजचा हा चढ होता. वन्सं एकदा शहरात गेल्या की दोनेक महिने तरी परतणार नव्हत्या.

"उठा," वहिनी म्हणाल्या. "बसलात की गुडघा आणखी लाडावतो."

वन्संनी हात पुढे केला, वहिनींनी ओढून उभं केलं. उभं राहता राहता वन्संनी वहिनींच्या पिशवीकडे बोट दाखवलं. त्यात खायला काय आहे ते विचारलं. वहिनी म्हणाल्या, फळं. मुलाने सकाळीच फोन करून पुन्हा बजावलं होतं, आई, वजन कमी कर, बिस्किटं बंद. वन्संनी मान हलवली आणि आपल्या झोळीतून बिस्किटांचा पुडा काढला. ऑपरेशन माझं आहे, पथ्य तू का करतेस, म्हणाल्या. अर्धा पुडा चालता चालताच संपला.

चालताना वहिनींना जुनं आठवत होतं. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा त्यांना ही नणंद म्हणजे एक कोडंच वाटलं होतं. वयाने लहान, पण शिकलेली, दगडांचं शास्त्र शिकून आलेली. नात्याने वहिनी मोठ्या. तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी 'अहो वन्सं' धरलं ते कायमचं, आणि वन्संनी 'अगं वहिनी' धरलं तेही कायमचं. जेवताना पेला किणकिणला की ही बाई घास हातात तसाच ठेवून उठायची आणि सायकल काढून कचेरी गाठायची. ताट झाकून झाकून वहिनींच्या नाकी नऊ आले. बघायला आलेल्या एका मुलाने चहा पिता पिता विचारलं होतं, तुम्ही नेमकं काय काम करता? वन्सं म्हणाल्या, जमिनीला कान लावून बसते. मुलाने चहा संपवला आणि पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही. त्या दिवशी घरात सगळ्यात जास्त कोण हसलं असेल तर दादा. दादा म्हणजे वहिनींचे यजमान. "माझी बहीण दगडाची नाडी बघते," असं ते ज्याला त्याला सांगायचे, आणि त्यात चेष्टा किती आणि अभिमान किती, हे सांगणाऱ्यालाही माहीत नसायचं.

एकदा वन्संनी नवं यंत्र तपासायला म्हणून स्वयंपाकघराच्या फरशीखालीच एक कान पुरला. वहिनींना वाटलं, भिंतींना कान असतात हे ऐकलं होतं, आता फरशीलाही आले. संध्याकाळी वन्सं कागदाची लांब पट्टी घेऊन आल्या आणि रेघांवर बोट ठेवून सांगू लागल्या: ही तू खलबत्त्यात कुटलंस, हा पाट आपटलास, आणि हे, वहिनी, तू कुणावर तरी चिडून कपाटाचं दार लावलंस. कपाटाचं दार त्यांनी वन्संवरच चिडून लावलं होतं. पण त्या दिवसापासून त्यांना कळलं की या बाईचं काम काय आहे. जमीन सगळं ऐकते, आणि ही जमिनीचं ऐकते.

पुढे वन्संना खाणीतल्या साहेबांपुढे बोलायचं होतं. वर्षभराच्या अभ्यासातून त्यांना दिसलं होतं की एका बाजूचा दगड घाईने काढला की दुसऱ्या बाजूला धक्के वाढतात. सगळे नकाशे, सगळे ठिपके तयार होते, पण साध्या शब्दांत सांगता येईना. रात्री जेवताना त्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या. वहिनी सहज म्हणाल्या, आमच्या वर्गात असंच असतं. गच्च भरलेल्या बाकावरून मधलं पोरगं उठवलं की दोन्हीकडची आत सरकतात, कडेचं पडता पडता वाचतं आणि एखादं कोकलतं. वन्संनी ताटावरून मान वर केली. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांपुढे तो बाकच मांडला. एकाच वेळी दोन पोरं उठवू नका, म्हणाल्या, आणि एक उठवलं की बाकीची स्थिरावेपर्यंत थांबा. साहेबांना पटलं. तेव्हापासून खाणीत 'पोरं बसली का?' असं विचारायची पद्धतच पडली.

म्हणजे काय, तर रोज सुरुंग उडाला की दगड काही वेळ तडतडायचा, तापलेल्या तेलात मोहरी तडतडावी तसा. पडद्यावरच्या रेघा नुसत्या नाचायच्या. मग तडतड हळूहळू ओसरायची. सुरुंगाच्या आधी होती तितकी शांतता आली की कचेरीतून वन्सं फोनवर एकच शब्द बोलायच्या: "मोकळं." तो शब्द आल्याशिवाय एकही माणूस बोगद्यात जायचा नाही. दादा छताला आधार देणाऱ्या टोळीचे मुकादम होते. सुरुंगानंतर सगळ्यात आधी आत जायची ती त्यांची टोळी.

चढाचं शेवटचं वळण आलं. इथून खाणीचा बंद पडलेला जुना उभा बोगदा दिसायचा, तोंडावर आता काँक्रीटचं झाकण. वन्सं थांबल्या. वहिनीही थांबल्या. दोघींना एकच दिवस आठवला होता हे दोघींना माहीत होतं.

त्या दिवशी शाळेला सुटी होती. टेकडीवरच्या खोलीत बॅटऱ्या असत, त्यांत पाणी घालायचं काम ज्या माणसाचं होतं तो तापाने झोपला होता. वन्सं वहिनींना म्हणाल्या होत्या, जीप वर जातेच आहे, तेवढं पाणी घालून ये, दुसरं काही नाही. वहिनी गेल्या. ड्रायव्हर त्यांना उतरवून पलीकडे कुठे दुसऱ्या कामाला गेला. खोलीत एक स्टूल, एक टेबल, भिंतीवर टेलिफोन आणि कोपऱ्यात लोखंडी पेटी. खोल बोगद्यांतल्या कानांच्या तारा जुन्या उभ्या बोगद्यातून वर येऊन त्या पेटीत शिरायच्या, आणि पेटी सगळं ऐकलेलं कचेरीत पाठवायची. खोलीच्या शेजारच्या खड्ड्यात टेकडीचा स्वतःचा कान होता, त्याचीही तार तिथेच.

वहिनी पाणी घालून हात पुसत होत्या, तोच फोन वाजला.

"वहिनी, उडी मार."

वहिनींना वाटलं, कचेरीत रेघा बघून बघून वन्संचं डोकं फिरलं. पण आवाजात चेष्टा नव्हती. खड्ड्याजवळ जायचं, दोन्ही पायांनी उडी मारायची, परत येऊन फोन घ्यायचा. वहिनी बाहेर गेल्या, आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि मारली.

"मारलीस का?"

"मारली."

"परत मार. जोरात."

मला हलकी म्हणणारं माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं, असं मनात म्हणत वहिनींनी दुसरी मारली. मग तिसरी. तिसरी त्यांनी स्टूल बाहेर नेऊन त्याच्यावरून मारली, तेव्हा पत्रा थरथरला आणि छपरावरची पाल खाली पडली. परत येऊन फोन कानाला लावला तर पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मग वन्सं हळूच म्हणाल्या, बरं, तू तिथेच बस, आणि फोन ठेवला.

कचेरीत काय चाललं होतं ते वहिनींना नंतर कळलं. सुरुंग उडाला होता, दगड थोडा तडतडला आणि एकदम गप्प झाला. रोजच्यापेक्षा फारच लवकर. पाळीचा साहेब फोनवर घाई करत होता, बाई, माणसं ताटकळलीत, मोकळं म्हणा. सगळे पडद्याकडे बोट दाखवत होते, रेघ सरळ आहे. वन्संच्या मनात मात्र पाल चुकचुकली. दगड इतका शहाणा कधीपासून झाला? ही शांतता दगडाची की यंत्राची, हे कळायला एकच मार्ग होता. जिथून ऐकू येतं तिथे कुणीतरी मुद्दाम आवाज करायचा आणि पडद्याकडे बघायचं. वहिनींच्या तीन उड्यांनी रेघेचा केससुद्धा हलला नाही. पेटी अडकली होती आणि मघाचाच एक शांत तुकडा पुन्हा पुन्हा दाखवत होती.

पाळीच्या साहेबाला वन्संनी सांगितलेलं वाक्य पुढे खाणीत सगळ्यांना पाठ झालं होतं: "आमच्या वहिनींनी तीनदा उडी मारली आणि रेघ हलली नाही. रेघ मेलीय साहेब, दगड नाही."

साहेब हसला म्हणतात. पण शब्द बाईंचा होता, तो मोडायची रीत नव्हती. माणसं खाली, वर-खाली ने-आण करणाऱ्या पिंजऱ्याजवळच बसून राहिली, कुरकुरत. सगळ्यात जास्त कुरकुरले ते दादा. बहिणीचा उद्धारही केला. आणि ते असं बोलत असतानाच पुढच्या बोगद्याचं छत खाली आलं. वसाहतीतल्या घरोघरी मांडणीवरची भांडी कोसळली. टेकडीवर वहिनींच्या पायाखालची जमीन एकदा डचमळली आणि त्या खोलीच्या चौकटीला धरून देवाचं नाव घेत उभ्या राहिल्या. बोगद्यात कुणीच नव्हतं.

दादा घरी आले तेव्हा तोंड काळं, कपडे धुळीने भरलेले. हात धुतले, पाटावर बसले, म्हणाले, आज तिने उगाच बसवून ठेवलं. मग पाण्याचा पेला उचलायला गेले तर तो उचलवेना. वहिनींनी पेला धरला आणि त्यांना पाणी पाजलं. वन्सं दारात उभ्या होत्या. दादांनी त्यांच्याकडे बघितलं. नुसतं शेजारी बसायची खूण केली.

त्यानंतर दादा पुष्कळ वर्षं जगले. निवृत्त झाले, मागच्या अंगणात बागेचा नाद लागला, नातवंडाचं तोंड पाहिलं. आणि गेले ते आपल्या घरात, आपल्या अंथरुणात, वहिनींच्या हातून चार घास खाऊन. खाणीतल्या माणसाला असं मरण मिळतं, ही वहिनींच्या लेखी फार मोठी देणगी होती. रोज दिवा लावताना त्या देवापुढे हात जोडायच्या आणि स्वतःसाठी काही मागायच्या आधी म्हणायच्या, माझ्या नणंदेला सुखात ठेव. हे वन्संना माहीत होतं आणि त्यांना ते अवघड व्हायचं. यावरून दोघींची इतक्या वर्षांत कितीदा तरी हुज्जत झाली होती. वहिनी म्हणायच्या, तुम्ही माझं कुंकू राखलंत. वन्सं म्हणायच्या, मी नुसती शंका घेतली, उडी तू मारलीस. मग वहिनी म्हणायच्या, उडी मारायला मला तिथे पाठवलं ते देवाने. यावर वन्सं तेवढं कबूल करायच्या.

"देवाने तुला वजन दिलं, एवढं मला मान्य आहे."

आत्ताही वळणावर उभ्या राहून वन्संनी तेच म्हटलं. पुढे मात्र कधी नव्हे ते एक वाक्य जोडलं. म्हणाल्या, माणसं म्हणतात मी अख्खी टोळी वाचवली. पण मला विचारशील तर दगडाचेच उपकार फार. तो दगा देत नाही गं. आधी कुरकुरतो, सांगतो, बजावतो. ऐकणारं कुणी हवं एवढंच. वहिनींना वाटलं, आपण देवापुढे बसून जे म्हणतो ते याहून फार वेगळं नाही.

माथ्यावर पोहोचल्या तेव्हा ऊन चढलं होतं. खोलीचं कुलूप गंजलेलं, पण उघडलं. जुनी पेटी कधीच गेली होती. तिच्या जागी संस्थेची लहानशी नवी पेटी आणि छपरावर सौरऊर्जेची पाटी. वन्सं स्टुलावर बसल्या आणि मोबाइल उघडला. आता रेघ मोबाइलवरच दिसायची. टेकडीच्या कानाची रेघ सरळ होती.

"मार," वन्सं म्हणाल्या.

वहिनींनी खड्ड्याजवळ जाऊन उडी मारली. आता साठी उलटली होती, उडी कसली, थोडं उंचावून बदकन उतरणंच ते. आत येऊन बघितलं. रेघ सरळच होती. दुसरी मारली. रेघ ढिम्म.

वन्संचा चेहरा वहिनी बरोबर ओळखायच्या. दादा गेले त्या दिवशीही तो असाच झाला होता, नुसता मिटलेला. वन्संनी मोबाइल मांडीवर पालथा घातला. म्हणाल्या, चल, पाणी पिऊ आणि उतरू, चिरंजीवांना कळवून टाकते. वहिनींना शाळेची खडखडणारी खिडकी दिसली, बाकाखालची पोरं दिसली आणि मग या बाईचा हा रिकामा हात दिसला. त्या म्हणाल्या, पाणी नंतर. खड्डा आधी उघडूया.

खड्ड्यात वाकायला वन्संना गुडघा देईना. वहिनींनी झाकण सरकवलं, चपला काढल्या आणि कडेला धरून आत उतरल्या. कमरेएवढा खड्डा, तळाशी सिमेंटात बसवलेला लोखंडी डबा. आत मुंग्यांनी घर केलं होतं, मातीचा हा ढीग. वन्सं वरून सांगत गेल्या आणि वहिनी करत गेल्या. डब्याच्या बाजूला तार जिथे खोवतात तिथे काय दिसतंय? हिरवट काहीतरी चढलंय आणि मुंग्यांची माती भरलीय. ती तार फिरवून ओढ, झटका देऊ नकोस. निघत नाहीये. निघेल, समजूत घाल तिची, पोरांची घालतेस तशी. वहिनींनी समजूत घातली. तार निघाली. रुमालाने, मग केसातल्या पिनेने, मग फुंकर मारून त्यांनी टोकं स्वच्छ केली. मुंग्या हातावर चढल्या, चावल्या. वहिनी त्यांना उद्देशून काहीबाही म्हणाल्या, जे शाळेत कधी म्हटलं नसतं. तार परत खोवली, फिरवून घट्ट केली, कडेला टेकून कशाबशा वर आल्या आणि धापा टाकत तिथेच बसल्या.

वन्संनी मोबाइल सुलटा केला होता. एकदम त्या ताठ झाल्या.

"मारलीस का?"

"नाही अजून. जरा दम तरी खाऊ द्या."

"नाही मारलीस?"

"बसलेय ना मी तुमच्यासमोर."

वन्संनी मोबाइल वहिनींपुढे धरला. सरळ रेघेच्या मध्ये एक बारीकसा झुपका उठला होता आणि विरत विरत पुन्हा सरळ होत होता. वहिनींना काही जाणवलं नव्हतं, झाडावरची पाखरंही उडाली नव्हती. खाली कुठेतरी, जुन्या बोगद्यांत, पाणी एका फटीतून दुसऱ्या फटीत गेलं होतं आणि दगडाने नेहमीसारखं सांगितलं होतं. टेकडीला ते ऐकू आलं होतं.

वन्संनी लगेच शहरात फोन लावला. चिरंजीव पलीकडे काहीतरी शोधत होता, बटणांचा आवाज येत होता. मग त्याचा आवाज एकदम मोठा झाला. बाई, चारही कानांनी पकडलंय. जागा निघतेय. वन्सं डोळे मिटून ऐकत राहिल्या. फोन संपला तेव्हा त्यांनी हाताने दाखवलं, तिकडे, काँक्रीटच्या झाकणाकडे.

"जुन्या बोगद्याच्या पायथ्याला. बाकीच्या तीन कानांवर मागच्या महिन्याच्या रेघाही अशाच होत्या, म्हणून तोही तिथलाच असणार असं तो म्हणतोय, आता पुढचे धक्के चौथ्या कानाने ताडून बघता येतील. शाळेखाली नाही, वहिनी. शाळेपासून खूप लांब."

वहिनींनी मुंग्या चावलेले दोन्ही हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनी सांगितलं नाही आणि वन्संनी विचारलं नाही. या वेळी त्या हसल्याही नाहीत. थोड्या वेळाने वन्संनीही आपला एक हात त्या जोडलेल्या हातांवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

मग पाणी प्यायल्या, उरलेली बिस्किटं खाल्ली, फळं तशीच पिशवीत राहिली. वन्सं घुटमळत होत्या. चिरंजीवाने मघाशी फोनवर एक अट घातली होती. केंद्र चालू ठेवायला तो वरिष्ठांना पटवेल, पण कान पुन्हा मुका झाला तर कळायला हवं. दर महिन्याला कुणीतरी इथे येऊन ठोका द्यायचा आणि तो पडद्यावर दिसला की नाही ते शहरातून बघायचं. हातोडी चालेल, पण हातोडीचा ठोका दर वेळी वेगळा पडतो. नेहमीचंच माणूस असलेलं बरं. आणि वन्संचा गुडघा, नवा असला तरी, इतक्यात चढणारा नव्हता.

"वहिनी," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच आवाजात विनंती होती, "मी नसताना महिन्यातून एकदा वर येशील? नुसती एक उडी. शाळेतल्या कुणाला तरी सोबतीला आण, एकटी येऊ नकोस. मुंग्यांवर लक्ष ठेव."

वहिनी म्हणाल्या, येईन. हे विचारायचं सुद्धा नसतं.

वन्संनी मान डोलावली. भिंतीला धरून उठल्या, खोलीला कुलूप घातलं, किल्ली वहिनींच्या हातात दिली. दोन पावलं उताराकडे टाकली आणि पुन्हा वळल्या.

"आणखी एक. मुलगा काही म्हणू दे, डॉक्टर काही म्हणू दे, मी परत येईपर्यंत वजन तेवढं उतरवू नकोस. रेघेला तुझी ओळख आहे."